शेवटच्या बाकापर्यंत

बुधवारी सात वाजता, चर्चच्या तळघरात,
आम्ही चौघं आणि वेंडेल.
सस्कॅचवनच्या या गावात बाहेर उणे चौतीस,
गाड्यांची इंजिनं वायरीने भिंतीला बांधलेली
गोठ्यातल्या जनावरांसारखी.
आत कॉफी. ती दर वेळी जळतेच.

नऊ वर्षं तुरुंगात काढून तो आला
तेव्हा त्याचा फोटो गावभर लागला:
किराणा दुकानात, आइस रिंकवर, ग्रंथालयाच्या दारात.
दारातल्या फोटोवर कुणी थुंकलं, ते तिथेच गोठलं.
मी पाहिलं. पुसलं नाही.

लोक विचारतात, इर्मगार्ड, तुला काय पडलंय?
एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
फेरी संपली की इंजिन बंद करून
शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, असा नियम होता.
कोणी झोपून राहिलंय का ते बघायला.
एकदाच सापडली एक, टोपी नाकापर्यंत ओढलेली.
अर्धा तास तशीच राहिली असती तर...
इथल्या थंडीत हे वाक्य कोणी पूर्ण करत नाही.

तर आम्ही विचारतो.
आज कुठल्या रस्त्याने आलास?
पोहण्याचा तलाव किती वाजता बंद होतो, हे तुला कसं माहीत?
मनात काय आलं? मग काय केलंस?
तो सांगतो. कधी मान खाली घालून, कधी खोटं.
खोटं बोलताना अंगठ्याने कपाची कड पुसतो.
हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली,
तुरुंगाला नऊ वर्षांत कळलं नव्हतं.

एकदा मी विचारलं, लहानपणी तुझ्यावर कुणी?
हो म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.
कारण बरणीत भरून, वर नाव चिकटवून
फळीवर ठेवून दिलं असतं, काकडीच्या लोणच्याशेजारी.
तो म्हणाला, नाही. मला हवं होतं. मी केलं.
मग बराच वेळ कोणी कॉफी ओतली नाही.

ती आता एकोणीस वर्षांची आहे. नाव मी घेणार नाही.
तिची आई मला दुकानात भेटली, पिठाच्या फळीपाशी.
म्हणाली, त्याच्यासाठी चार खुर्च्या.
माझ्या मुलीसाठी कुठल्या वारी जमता?
दिवा लावून झोपते ती. न्हाणीच्या दाराला तीन कड्या आहेत.
माझ्या हातात पाच किलोची पिशवी होती.
ती निघून गेली तरी मी पिशवी धरूनच उभी.
आब्राम म्हणतो, शिक्षा व्हायलाच हवी होती, झाली,
पण पुढे?
त्या 'पुढे'मध्ये ती मुलगी कुठे बसते
असं विचारलं की तो बायबल चाळतो.

जानेवारीत पहाटे पावणेतीनला फोन वाजला.
वेंडेल. शेजारी नवे भाडेकरू आलेत, म्हणाला.
भिंतीपलीकडे मूल खोकतंय. मुलगी असावी.
मी झोपलेलो नाही. मला इथून ने.
मी रात्रीच्या झग्यावरच कोट चढवला.
तो रस्त्यावर उभा होता, काखेत उशी, हातात टूथब्रश,
पापण्यांवर बर्फ.
गाडीत मी एक शब्द बोलले नाही.
शाबास म्हणावंसं वाटलं,
आणि म्हणायची किळस आली.
दोन्ही एकाच तोंडात.

सुधारला का तो? मला नका विचारू.
आमच्या वहीत तारखा आहेत,
प्रत्येक तारखेपुढे एवढंच: काही घडलं नाही.
त्या खोकणाऱ्या मुलीला हे कधी कळणार नाही,
कळूही नये.
आणि जिच्यावर घडलं
तिला या वहीचा काडीचा उपयोग नाही.

माफी माझ्याकडे नाही.
दुसऱ्याच्या पाकिटातले पैसे मी कसे वाटू?
माझ्याकडे गाडीच्या किल्ल्या आहेत, बुधवार आहे,
आणि जुनी सवय.
इंजिन बंद करायचं, उठायचं,
अंधारात एकेका बाकाला हात लावत
मागे जायचं.
बघायचं.